तोंडी युक्तिवाद

केळुसकर वकिलांनी शिकवलं होतं:
टेबलाला टेकायचं नाही.
न्यायाधीश बोलू लागले की वाक्य असेल तिथंच सोडायचं,
लाट आली की वल्हं उचलून धरतात तसं.
'मला वाटतं' तर कधीच म्हणायचं नाही,
आपल्या वाटण्याला निशाणी पडत नाही.

वेंगुर्ल्याच्या कोर्टात पंखा नुसताच गरगरतो.
पांढरा बँड घामानं गळ्याला चिकटलेला,
आणि मी उभी, पहिल्यांदाच एकटी,
पास्कू फर्नांडिसच्या वाटेसाठी:
होडी समुद्रावर न्यायची वाट,
जिच्यावर रिसॉर्टवाल्यानं चिऱ्यांचा गडगा घातला.

"वाट किती रुंद?"

वाक्य सोडलं.
पानं चाळू लागले, तर खिडकीतून खारं वारं येऊन
माझ्याआधी तेच उलटू लागलं.

मागच्या बाकावरून पास्कू उठला,
दोन्ही हात पसरले त्यानं.
पुरेनात, म्हणून एक पाऊल बाजूला सरकला:
एवढी. मध्ये होडी, दोन्हीकडे माणसं.
पक्षकारानं बोलायचं नसतं.
तो बोललाही नाही.
पट्टेवाल्यानं हळूच त्याचा एक हात खाली केला,
दुसरा थोडा वेळ तसाच राहिला हवेत.

"निशाणी तेवीस, सर. पान चार. आठ फूट."
साहेबांनी मान न उचलता लिहिलं.
समोरचे वकील बसल्या जागी हसले;
त्यांनाही मी 'माझे विद्वान मित्र'च म्हटलं.

लवले. पाठ न दाखवता
चार पावलं मागे आले.

व्हरांड्यात पास्कू चपला शोधत होता.
"बाय," म्हणाला,
"माजे हात लिवल्यानी काय?"