ताप

दुपारी तीनला तो मान टाकतो.
हिरवे दिवे पिवळे होतात, मग एकच लाल,
आणि पुंता आरेनासहून बोलणारी आमची यादिरा
तोंडात अर्धा शब्द धरून गोठते.
"बाबा, आज इकडे हिम..."
पुढचं हिम एर्मोसियोपर्यंत कधी पोचत नाही.
इथे सावलीत सत्तेचाळीस.

राउटरच्या पाठीवर हात ठेवला. चटका.

चाळीस वर्षं ग्वायमासच्या बंदरावर
मी लोकांची कोळंबी थंड ठेवली.
माझ्या कॉम्प्रेसरांनी कुणाचा माल नासू दिला नाही.
आणि आता या तळहाताएवढ्या डबीने
घरच्या घरी माझी अब्रू काढावी?

आधी एदुविहेसचं क्रोशाचं झाकण काढलं.
ती म्हणाली, उघडं यंत्र बैठकीत बरं दिसत नाही.
मग वरचे संत युदा उचलले, अशक्य कामांचे संत.
पाय चांगलेच तापले होते त्यांचे.
वर्षभर निमूट भाजून घेतलं असणार.

मग रीतसर.
डबी आडवी होती, ती उभी केली,
कारण ऊब वर जाते, तिला वाट द्यावी लागते.
हे मला शाळेने नाही, एका मेलेल्या फ्रीजने शिकवलं.
बुडाशी औषधाच्या बाटल्यांची चार बुचं.
कवच उघडून गिरमिटाने भोकं पाडली,
चिप तापते तिथे दाट, कडेला विरळ.
चिपवर राखाडी मलम, तांदळाच्या दाण्याएवढं,
त्यावर जुन्या ॲम्प्लिफायरची ॲल्युमिनियमची पाती.
पंखा भंगारातल्या संगणकाचा,
बारा व्होल्टचा, त्याला पाचच दिले:
रमतगमत फिरेल, पण कुरकुरणार नाही.
तोंड बाहेरच्या बाजूला. हवा ओढायची, फुंकायची नाही,
नाहीतर सोनोराचं वाळवंट
पंधरा दिवसांत आत संसार मांडतं.

दुसऱ्या दिवशी तीन वाजले. दिवे हिरवे.
यादिराने हिम पूर्ण केलं:
गुडघाभर आहे, बूट फाटलेत, नवे घेईन.
मी खुर्चीत ऐसपैस टेकलो.
साडेतीनला पुन्हा लाल.

डोक्याला ताप, दुसरं काय.
शिव्या पुटपुटत सिगारेट ओढायला बाहेर गेलो
तर पूर्वेच्या भिंतीला हातभर सावली
आणि त्या सावलीत नऊ पोरं,
आमच्या बैठकीच्या पाठीला पाठ लावून,
नऊ फोन.
कडेला ओर्तेन्सियाची सित्लाली.
बाप फीनिक्समध्ये लोकांची छपरं घालतो,
तो पडद्यावर तोंड उघडं ठेवून गोठला होता
आणि ही त्याच्या नाकावर बोट ठेवून सांगत होती,
"पापा, हल ना. हल."

पासवर्ड कुणी दिला, हे विचारायची गरज नव्हती.
वर खिडकीत क्रोशाची सुई थांबली होती.

मी बदलायला बसलो होतो, खोटं कशाला बोलू.
तीन अक्षरं खोडलीही.
भिंतीपलीकडून कुणीतरी खोकलं,
बारीक, धूळ गेल्यावर खोकतात तसं.
खोडलेली अक्षरं परत लिहिली
आणि भंगारवाल्याकडे गेलो, दुसऱ्या पंख्यासाठी.
त्याने वीस पेसो सांगितले. बारावर आणला.

आता दोन पाती, दोन पंखे,
डबी पूर्वेच्या कोनाड्यात, जाड भिंतीच्या थंडाव्यात.
रात्री पाणी प्यायला उठतो तेव्हा
उलटा हात लावून बघतो. कोमट.
नऊ घरांतलं बोलणं वाहून एवढंच अंग गरम.
माझं याहून जास्त व्हायचं.

संत युदांना एदुविहेसने पंख्यासमोर उभं केलंय,
बिचाऱ्यांना जरा वारा लागावा म्हणून.
तिकडून बाहेर येते ती सगळी गरम हवा,
हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.