चौथ्या दिवशीचं पाणी

यंदा लेंटमध्ये मी चहा सोडला.
राखेच्या बुधवारपासून
चहाचे पैसे डब्यात,
आणि डोकं ठणकतंय
हे अख्ख्या मंडळीला ठाऊक.

सलोमीमावशीला विचारलं, तुमचं काय?
टॉवेलच्या शिलाईतून मान न काढता म्हणाली,
"सोडायला आधी धरावं लागतं, बाबा."

मार्चातच पत्रा तापून लाल.
चौथ्या दिवशी, रात्री अडीचला नळ आला.
मी डोळे चोळत बाहेर,
तर मावशी आमच्याच दारात वाकलेली,
आमचं पिंप काठोकाठ.
तिच्या घागरी भिंतीशी
अजून उपड्या.
नळ खाकरला, गेला.

सकाळी तीच आली, पदरात कप धरून.
"घे. डोकं दुखतंय म्हणे.
गुळाचा आहे."

घेतला.
डब्यात काय टाकावं,
कळेना.