ब गट, दुपारी तीन

ठराव क्रमांक चार मीच लिहून घेतला.
माझं अक्षर बरं आहे,
आणि आष्ट्यात गुणलेखकाच्या खुर्चीत दुसरं कुणी बसत नाही.
"पुढील वर्षापासून ब गटाच्या कबड्डी स्पर्धा बंद."
सूचक, अनुमोदक. चहा आला.
बाबगोंडा म्हणाला, लाईटचं बिल, मॅटचं भाडं, कसं परवडायचं?
ब गट उन्हात खेळतो, मातीत खेळतो,
हे मी बोललो नाही.
वही ज्याच्या हातात, त्यानं लिहायचं असतं.

नऊ वर्षं मी राखीव होतो.
बाराच्या यादीत बारावा.
सात खेळायचे, पाच बसायचे,
पाचांत मी अगदी कडेला, पाण्याच्या जारशेजारी.
अंगात अ संघानं उतरवलेली गेल्या सालची बनियन,
पाठीवर बुडालेल्या पतसंस्थेचं नाव.
एकदा एका ठेवीदारानं
मला पाठीमागून हाक मारून व्याज मागितलं.

पण रविवारी दुपारी तीनला
मी उजवा कोपरा होतो.
प्रेक्षक म्हणजे इसाक भडंगवाला, त्याची सायकल,
आणि शाळेच्या भिंतीवर दोन पोरं,
तीही तिथं सावली होती म्हणून.
तिथं मी कुंडलच्या एका दांडग्या गड्याचा घोटा धरला,
मध्यरेषा वीतभर राहिली होती त्याची.
त्याचा दम तुटला तो आवाज
अजून माझ्या डाव्या कानात आहे.
तो पुढं अ गटात गेला, मग रेल्वेत, मग टीव्हीवर.
टीव्हीवर त्याचा पाय दिसला की मी बायकोला सांगतो,
हा घोटा माझ्या ओळखीचा आहे.
ती म्हणते, जेवा आता.

भाची सन्मती ॲडलेडला खेळाडूंचे गुडघे बांधते.
तिथला चेंडू अंड्यासारखा,
टप्पा पडला की कुठं उडेल त्याचं त्यालाच ठाऊक नसतं.
एका बाजूला अठरा गडी, मैदान पसरट, लांबोडकं,
आणि मोठ्या सामन्याच्या आधी
रिकाम्या खुर्च्यांसमोर दुसऱ्या फळीची पोरं
जीव तोडून खेळतात.
मामा, ती म्हणाली, इकडंही तेच चाललंय.
कुणी म्हणतं राखीवांची देशभर वेगळी स्पर्धा काढा,
कुणी म्हणतं जुन्या क्लबांच्यात मिसळून टाका,
मग कुणीतरी विचारतं, विमानाचं भाडं कोण देणार?
मी म्हटलं, आमच्यात मॅटचं.
हसली. तिच्या मागं कुणीतरी कण्हत होतं.
कोण गं?
एकोणीस वर्षांचा आहे, विचारतोय शनिवारी खेळता येईल का.
कुठल्या संघात?
दुसऱ्याच, म्हणाली, आणि फोन कुठंतरी ठेवून
पट्टी फाडायला लागली.

आमच्या खेळात बाद झालेला गडी संपत नाही.
बाहेर ओळीनं बसतो.
आपल्यातल्या कुणी गुण आणला
की जो आधी बाद झाला तो आधी उठतो,
मांड्या झाडतो, जिवंत होऊन आत जातो.
मी हजारदा लिहिलंय हे, वहीत, बारीक खुणांनी.
राखीवाला तो नियम लागू नाही.
जो कधी बाद झालाच नाही
त्याला जिवंत कोण करणार?

काल रविवार. तीनला पाय आपोआप वळले.
पिशवीत फक्की होती, सवयीनं आणलेली.
रेघ मारत मारत निदान रेषेपर्यंत आलो
तर भिंतीवरची पोरं खाली उतरलेली,
आता दोनाची तीन.
काका, आज मॅच हाय?
मी वही काढली.
पानावर वरच्या बाजूला 'गट' असा रकाना छापलेला आहे.
तो कोरा ठेवला, नावं विचारली.
अरमान. प्रज्योत.
तिसरा चप्पल काढता काढता म्हणाला,
मला राखीवात घाला,
पाचला क्लास हाय माझा.