पाच फूट कोरे

नकाशा तीनदा परत आला.
पहिल्यांदा जिन्याची पायरी अर्ध्या इंचाने उंच,
दुसऱ्यांदा पावसाच्या पाण्याचा खड्डा
दाखवलाच नव्हता,
तिसऱ्यांदा नामांतरणात वडिलांचे नाव दिगंबर
आणि रजिस्ट्रीत दिगम्बर.
मी हसलो. चाळीस वर्षे जुळारी होतो
जेल रोडवरच्या छापखान्यात,
एका अनुस्वारापायी
मुंजीच्या तीनशे पत्रिका पुन्हा छापल्यात मी.

सुदामा नगरातला प्लॉट, वीस बाय पन्नास.
नकाशे काढणारी निलोफर
पडद्यावर लाल रेघ ओढत म्हणाली,
समोर दहा फूट सोडा काका, मागे पाच.
सोडा म्हणजे?
म्हणजे आहे तुमचंच,
फक्त बांधायचं नाही.

कुमुद रिक्षात बसेपर्यंत गप्प होती.
मग रणजीत हनुमानापासून घरापर्यंत
पैसे आपले, रजिस्ट्री आपली, संपत्ती कर आपण भरणार,
आणि मागचे पाच फूट कुणाचे?
तिने तिथे देवघर बसवले होते मनात,
गव्हाची कोठी, शिलाई मशीन, वर एक माळा.
नकाशात प्रत्येक चौकोनाला नाव होते,
मोरीलासुद्धा.
त्या पट्टीत काही लिहिलेले नव्हते.

परवानगी आली. पाया खणला.
एका सकाळी गेलो तर मागची चुन्याची रेघ
सरकलेली, आणि तिच्यावर दगडाचे दोन थर.
भेरूलालने विडी विझवली:
नौ इंच है बाबूजी, कौन देखता है,
सब यही करते हैं,
बाद में कंपाउंडिंग भर देना.

मला ती चोरी ओळखीची होती.
ओळ स्टिकमध्ये मावेना की
शब्दांमधले जाड शिसे काढायचे, पातळ घालायचे.
एका ओळीत कळत नाही.
पानभर तसेच केले की वाचणाऱ्याला धाप लागते,
का लागते ते त्याला सांगता येत नाही.
आणि आताच्या पोरांना हे कुठून ठाऊक,
की कोरी जागाही शिशाचीच असायची,
खिळ्यांइतकीच जड, तोलून विकत घेतलेली,
फक्त उंचीला बुटकी,
शाई तिच्यापर्यंत पोचू नये म्हणून.

मागे पोरवालांचे घर.
त्यांनी तीस वर्षांपूर्वी एक बोटही सोडले नाही,
भिंत थेट हद्दीवर, तिच्यात एक खिडकी.
खिडकीआड त्यांची सून
भर दुपारी ट्यूबलाईटखाली पोळ्या लाटते.
जो काही उजेड तिला मिळायचा
तो आता आमच्या पट्टीतून.
त्यांनी का नाही सोडले? कुमुदने विचारले.
मी नियमांची चोपडी दोनदा वाचली आहे,
पोटनियमांसकट.
याचे उत्तर तिच्यात नाही.

दगड उपसले. दोन दिवसांची मजुरी गेली,
भेरूलाल तिसऱ्या दिवशी आलाच नाही,
चौथ्या दिवशी आला तो
माझ्याकडे न बघता ओळंबा लावू लागला.
जोत्याच्या तपासणीला निगमचे धाकड साहेब आले,
टेप मी धरला एका टोकाला.
पाच फूट आणि वर अर्धा इंच.
त्यांनी चष्मा वर केला, पुन्हा मोजले.
ज़्यादा छोड़ दिया, म्हणाले,
आणि सही करताना हसू दाबले त्यांनी.

आता राहायला येऊन वर्ष झाले.
कुमुद त्या पट्टीत खुर्ची टाकून मटार सोलते,
खिडकीतल्या सुनेशी बोलते, वाटी देते, घेते.
सासूबद्दल दोघींचे बरेच एकमत आहे.
तरी रात्री मागचे दार लावताना
एकदा तरी म्हणतेच ती,
इथे देवघर बसलं असतं.

मी काही बोलत नाही.
तेवढी जागा सोडतो.