धप्पा

विषय : सण. लांबी : वीस सेकंद.
दराडे मॅडम म्हणाल्या, पणत्या नकोत,
आकाशकंदील तर अजिबात नको,
मागच्या वर्षी एकोणीस जणांनी पेटवले
आणि एकाचाही उजेड पडला नाही.

म्हणून मी रहाड घेतली.
आमच्या चौकातली, जिच्यावरून मी रोज
स्कूटी दामटत गंगापूर रोडला जाते,
जी वर्षभर माती-फळ्यांखाली, भाजीच्या गाड्यांखाली
मुकाट पडून असते
आणि रंगपंचमीला एक दिवस डोळा उघडते. केशरी.
हॉस्टेलवरची मुग्धा म्हणाली, रस्त्याखाली रंग?
मी म्हटलं, मग तुमच्याकडे काय असतं रस्त्याखाली?
ती म्हणाली, केबल.

सेकंदाला बारा चित्रं. वीस सेकंदांची दोनशे चाळीस.
आईने पोळी उलटता उलटता विचारलं,
एवढ्यात होतं काय?
एक माणूस उडी मारतो.
दोनशे चाळीस चित्रं, आणि एकच उडी?
आणि तीही दुसऱ्याची, असं ती म्हणाली नाही.
मीच म्हटलं, नंतर, जिन्यात.

उडीचा हिशेब असा :
आधी गुडघे वाकतात. तीन चित्रं.
वर जायचं तर आधी खाली जावं लागतं,
मॅडमनी शिकवलं होतं, पटलं मात्र
मामाच्या हलत्या व्हिडिओत, थांबवून थांबवून.
मग हवा. सात चित्रं.
मग पाणी फुटतं,
आणि इथे माझे अकरा दिवस बुडाले.
कधी ते कोबीसारखं उमले,
कधी विणलेल्या टोपीसारखं बसे.

आवाजाचं बघणारा तौफिक म्हणाला,
तुझं पाणी पातळ झालंय.
रहाडीचं पाणी जड असतं, फुलं उकळलेलं,
छातीवर कुणीतरी दार लावल्यासारखं लागतं.
त्याने दोनदा मारलाय धप्पा, एकदा चप्पल गमावून.
आठवडाभर कान केशरी होते त्याचे.
तुला कसं लागलं होतं?
मी म्हटलं, मी वरून पाहिलंय.
आत्याच्या गॅलरीतून. दरवर्षी.
आमच्या घरच्या मुली वरून पाहतात.
कुणी नको म्हटलेलं नाही.
कुणी जा म्हटलेलंही नाही.

तो काही बोलला नाही.
पिंपात ओली सतरंजी टाकून
धप्पाचा आवाज घेत राहिला,
सोळा वेळा,
तळमजल्यावरच्या काकू वर येईपर्यंत.

त्या रात्री लाइट गेली.
लॅपटॉपमध्ये एकतीस टक्के जीव.
एकशे अठराव्या चित्रात तो हवेत थांबलेला,
ना काठाचा, ना पाण्याचा,
चेहरा अजून काढायचाच होता.
मी त्याला वेणी काढली.
सहज. एका चित्रात.
मग मागच्या चित्रात काढावी लागली, मग पुढच्या.
वेणी फार छळते :
अंग खाली जातं, तरी ती वर राहते,
मागाहून येते, जणू तिला कुणी सांगितलंच नाही
की बाकीची मी निघून गेले.
बॅटरी चार टक्क्यांवर आली तेव्हा
मी पाण्यापर्यंत पोचले होते.

पाणी शेवटपर्यंत कोबीच राहिलं.
मॅडमनी पंचवीसपैकी सोळा दिले,
शेरा : पाणी कच्चं. वेणी चांगली, पण कुणाची?
आत्याने मोबाइलवर चार वेळा पाहिलं,
पाचव्या वेळी चष्मा लावून.
म्हणाली, ही ओढणी न घेताच उडी मारते.
मी म्हटलं, ओढणीची आणखी साठ चित्रं झाली असती.
ती हसली. मग एकदम म्हणाली,
आमच्या वेळी गॅलरीला कठडासुद्धा नव्हता.
आणि चहा ठेवायला उठली.

रंगपंचमीला पाच आठवडे आहेत.
चौकात आले की हल्ली स्कूटी आपोआप हळू होते.
फळ्यांवरून जाताना चाक जरा वेगळं वाजतं,
खाली पोकळी असल्यासारखं.
तौफिकने तोही आवाज घेऊन ठेवलाय.
कशाला, मी विचारलं नाही.