बारा इंच आणि वर पाव

लेतेब्रहान सायकल ढकलत आली
अस्मारातल्या मेदेबेरच्या फाटकातून आत,
जिथे पिंपांच्या शेगड्या होतात, टायरच्या चपला,
आणि बोलायचं तर
दोन हातोड्यांच्या मधल्या फटीत बोलावं लागतं.

"साखळी नवी आहे," ती त्या फटीत म्हणाली.
"भावानं स्टॉकहोमहून धाडली. आठवडा झाला नाही,
आणि चढाला पाय दिला की
खट्!
पायाखालची पायरीच कुणी काढून घेतं."

वोल्देआबनं चष्मा कपाळावरून नाकावर उतरवला.
"पट्टी," मला म्हणाला.
पट्टी पितळेची, इंग्रज असतानाची,
या गावात इंच तेवढेच उरलेत.
बारा इंचांत चोवीस कड्या. न कमी, न जास्त.
"हिची काही चूक नाही."
मग मागच्या चक्रावरून अंगठा फिरवला,
बाळाच्या हिरडीवरून फिरवावा तसा, हळू.
दात सगळे एका अंगाला कललेले,
टोकाशी आकडे.

"जुनी कुठंय?"

ती पिशवीत होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
तिच्या नवऱ्यानं एकोणीस वर्षं ओढलेली,
घर ते कापडगिरणी, गिरणी ते घर.
तेल म्हणून ट्रकचं जळकं,
आणि त्या तेलानं धरून ठेवलेली
वाटेवरची सगळी धूळ.
मी ताणून पट्टीला लावली.
बारा इंच आणि वर पाव.

"लोखंड ताणतं?" तिनं विचारलं.

पहिल्या वर्षी मीही हेच विचारलं होतं,
आणि मार खाल्ला होता.
ताणत नाही. आतली पिन झिजते,
तिच्याभोवतीचं भोक झिजतं,
एकेका जागी केसाएवढं.
हा पाव इंच लोखंडाचा नाही, बाई.
चोवीस जागच्या पोकळ्या एका रांगेत उभ्या केल्या
की एवढ्या भरतात.

ती बराच वेळ पट्टीकडे बघत राहिली.
"मग जुनीच घालू परत?"
"चालेल," वोल्देआब म्हणाला. "खटकासुद्धा येणार नाही.
दोघं एकमेकांच्या अंगवळणी पडलेत.
फक्त एक दिवस तुटेल,
आणि तुटेल ती चढावरच, तुम्ही उभ्या असताना."

नवं चक्र गावात नव्हतं. डिसेंबरात येणार होतं.
कुठल्या डिसेंबरात, ते कुणी सांगत नव्हतं.

त्यानं पुढच्या चक्राचे तीन बोल्ट सोडले,
चक्र पुसलं, आणि उलटं करून बसवलं.
एवढंच.
एकोणीस वर्षं ज्या अंगावर कुणी जोर दिला नव्हता
ते अंग आता जोराच्या बाजूला आलं.

मागचं उलटत नाही, ते एकाच दिशेला धरतं.
तिथे मी आणि कानस.
अठरा दात, एकेकाचा आकडा घासायचा, जास्त नाही.
शेजारणीनं कॉफी भाजायला घेतली तेव्हा सुरुवात केली;
पहिला पेला झाला, दुसरा झाला,
तिसऱ्याला माझ्या बोटांची चव
लोखंडाची होती.

वोल्देआबनं अर्धेच पैसे घेतले.
"अर्धंच काम झालंय," म्हणाला, आणि हे खरं होतं.

ती चढाकडे निघाली. खालच्या दरीतलं धुकं
एव्हाना रस्त्यावर आलेलं,
दहा वावांवर ती दिसेनाशी झाली.
आम्ही कान दिले.
खट्.
मग काही नाही.
मग हातोडेच.
"एक चालतो," तो म्हणाला. "रुळेल."

जुनी साखळी ती विसरली की ठेवून गेली, कळलं नाही.
भंगारवाल्यानं वजनावर मागितली.
मी ती खिळ्याला टांगली, उगीच.

शनिवारी ती तेल विचारायला आली.
मी सांगितलं: एकेका कडीला एकेक थेंब,
मग बाहेरचं सगळं पुसून टाका,
तेल आत हवं, बाहेर राहिलं तर धुळीला बोलावतं.
"चिंधी आहे का?"

तिच्याजवळ होती. निळी, जाड,
गिरणीच्या सदऱ्याची.
एक बटण अजून तसंच होतं.
पुसताना ते कडीला लागून वाजत होतं,
आणि तिनं ते काढलं नाही.