पत्र्यातली अक्षरं

माझं काम गोणीचं तोंड शिवायचं.
त्याआधीचं काम लुकमान तडवीचं:
पत्र्याचा छाप टेकवायचा, काळ्या रंगाचा बोळा फिरवायचा,
कोणाकडून, कोणाला, किती.

एप्रिलअखेर जळगावच्या आमच्या मिलला मोठी ऑर्डर आली.
तूरडाळ, चौदा हजार गोण्या.
कुठल्याशा देशात माणसं उपाशी होती.
सातवीच्या भूगोलात मी तो देश पाहिला होता,
पिवळा, बोटाच्या पेराएवढा.
लुकमानने तेलाचा डबा कापला,
सपाट केला, छिन्नीने त्यात देशाचं नाव कोरलं.

चार हजार गोण्या झाल्या आणि खाचणेसाहेब आले, फोन कानालाच.
थांबा. नाव बदला.
तिथे म्हणे आता दोन सरकारं,
बंदर एकाचं,
बंदरातून निघणारा रस्ता दुसऱ्याचा.
जुनं नाव लिहिलं तर माल धक्क्यावर अडणार,
नवं लिहिलं तर नाक्यावर.

लुकमानने दुसरा पत्रा कोरला.
मग तिसरा, देशच नाही, नुसतं ‘मदत’.
मग वरून आलं, मदत नको, ‘भेट’ लिहा.
मदत म्हटलं की घेणाऱ्याला मान खाली घालावी लागते,
आणि आपला झेंडा जरा मोठा घ्या.

निरोपाला मंडप. पहिल्या ट्रकला झेंडूच्या माळा.
आम्हा बायकांना नवे कोरे ॲप्रन मिळाले,
फोटो झाल्यावर मोजून परत घेतले.
एक कमी भरला, तर सुपडाबाईला
तिचा तिच्याच अंगावर आहे हे सांगावं लागलं.

ट्रक भुसावळच्या यार्डापर्यंत गेले.
तेवढंच.

बाविसाव्या दिवशी झिपरू ड्रायव्हरचा फोन,
सेहेचाळीस डिग्रीत गाडीखाली झोपून:
“ताई, तठला लोके तूरनी दाय खातस का?”
मी साहेबांना विचारलं.
ते म्हणाले, फॉर्मवर तो रकाना नाही.

कोणाला सांगितलं नाही, आता सांगते:
पहिल्याच दिवशी, शिवण्याआधी, एका गोणीत
मी हिंगाची पुडी सोडली होती.
पगार कापला असता.
पण बिनहिंगाची तूर कोणाच्या घशाखाली उतरते?
कितवी गोणी ते मला आठवत नाही.
कुठे आहे, तेही.

पोळ्यानंतर काही गोण्या परत आल्या,
सोंडे पडलेल्या, तीन-तीन नावांची शाई एकावर एक.
बाकीच्या गेल्या म्हणतात. कुठल्या सरकारकडे,
ते दोघंही आमचंच म्हणतात.

लुकमानने पत्रे घरी नेले.
यावलला त्याच्या खुराड्याचं छप्पर गळत होतं.
परवा मी गेले होते, त्याच्या लेकीच्या बाळंतपणाला.
दुपारचं ऊन पत्र्यातून खाली उतरत होतं
आणि त्या देशाचं नाव, पहिलं, चार हजार गोण्यांवरचं,
जमिनीवर पडलं होतं, स्वच्छ.
एक तांबडी कोंबडी
त्यातलं मधलं अक्षर टोचत होती,
पुन्हा पुन्हा,
दाणा समजून.